पुडिंगमधलं अंडं

पंडिता रमाबाई इंग्लंडात होत्या तेव्हा अंडं घातलेलं पुडिंग खात नसत. आज हे कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग काय बिघडलं? पण वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या सिस्टर जेराल्डिनना ते फार लागलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी झालेला, आणि जेराल्डिनबाई त्यांच्या धर्ममाता. ख्रिस्ती होऊनही ही बाई मांस-अंड्याला शिवत नाही, म्हणजे जातीचा पीळ अजून गेलेला नाही, मनाचा एक कोपरा तिने देवापासून राखून ठेवला आहे, असा त्यांचा हिशेब. मग क्रुसाचं निघालं. त्यावर शब्द कोरायचे तर लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी नापसंती कळवली. रमाबाईंनी त्याचंही कारण मागितलं. त्रैक्याच्या सिद्धांतावर तर पत्रांमागून पत्रं झाली. विषय बदलत गेला तरी समोरून येणारा सूर तोच: हट्ट सोड, स्वतःची इच्छा बाजूला ठेव, देवाच्या इच्छेपुढे मान तुकव. आणि दर वेळी देवाची इच्छा म्हणजे मठाला, बिशपांना आणि इंग्लंडच्या चर्चला जे योग्य वाटेल ते.

1885 साली रमाबाईंनी साफ लिहून टाकलं की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जोखड मी नुकतंच मानेवरून उतरवलंय. आता इथले धर्मगुरू बोलतील ते सगळं परमेश्वराचंच बोलणं म्हणून मान्य करायचं, हे दुसरं जोखड घ्यायला मी तयार नाही. तेव्हा त्यांचं वय सत्तावीस. आईवडील दुष्काळात गेलेले, नवरा पटकीने गेलेला, पदरात चार वर्षांची मनोरमा, आणि ज्यांना हे लिहायचं त्यांच्याच आश्रयाला राहिलेल्या. ही पत्रं जेराल्डिनबाईंनी फाडली नाहीत, जपून ठेवली, क्रमाने लावली. 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपाने छापली. स्वतःला खडे बोल सुनावणारी पत्रं अशी सांभाळून ठेवणाऱ्या बाईबद्दल मला आदर वाटतो, वाद पूर्ण रमाबाईंच्या बाजूने पटत असला तरी.

जेराल्डिनबाईंची बाजू अगदीच पोकळ नाही. आपल्या मनाएवढं लबाड काही नाही, हे यिर्मया संदेष्ट्यानेही सांगून ठेवलंय. जे मला हवं तेच देवालाही हवं असल्याचं मला फार लवकर कळतं. म्हणून मठांनी आज्ञापालनाचं व्रत घातलं: तुझ्या इच्छेचा निवाडा तू करू नकोस, वरच्याला करू दे. शेकडो वर्षं लोकांनी ते प्रामाणिकपणे पाळलं, त्यात संत निपजले. पण वरच्याचंही मन मनच असतं, आणि त्याचा निवाडा कुणी करायचा, हा प्रश्न त्या व्यवस्थेत शेवटपर्यंत लोंबकळत राहतो.

आमचं घर नगरकडचं, आजोबा-पणजोबांपासून मिशनच्या आवारात वाढलेलं. ‘प्रभूची इच्छा’ हे शब्द आमच्याकडे चहाइतके रोजचे. उपासना सुटल्यावर दाराशी उभं राहून दहा मिनिटं कान दिले तरी पुरे. कुणाच्या मुलाला दुबईला नोकरी लागली, प्रभूने दार उघडलं. कुणाचं स्थळ फिसकटलं, प्रभूने दार बंद केलं. पाळकसाहेब दुसऱ्या मंडळीत निघाले, प्रभूने त्यांना तिथलं ओझं दिलं. आता पगार कमी असलेल्या जागी प्रभूने दार उघडल्याची साक्ष मी तरी फारशी ऐकलेली नाही, पण ते असो. मला खटकतं ते दुसरंच. हे वाक्य बहुतेक वेळा वरून खाली येतं. बापाला मुलीच्या स्थळात प्रभूची इच्छा दिसते. मुलीला बापाच्या निवृत्तीत ती दिसली असं कधी होत नाही. कमिटीला पाळकाच्या बदलीत दिसते. सासूला सुनेच्या नोकरी सोडण्यात दिसते. ज्याला इच्छा कळते तो एक, आणि जिला ती पाळायची ती दुसरी.

दफनभूमीत तर हे शब्द ऐकवत नाहीत. लहान मूल गेलेल्या आईला खांद्यावर हात ठेवून कुणीतरी म्हणतंच, देवाची इच्छा. सांत्वन करणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, त्याला दुसरं काही सुचलेलं नसतं. पण चारही शुभवर्तमानं चाळून पाहावीत. आजार ही माझ्या बापाची मर्जी आहे, तेव्हा सोस आणि घरी जा, असं येशूने एकाही रोग्याला सांगितल्याचं सापडत नाही. मार्काच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी गुडघे टेकून म्हणतो की तुझी इच्छा असली तर तू मला बरं करशील. येशू त्याला हात लावतो आणि सांगतो की आहे माझी इच्छा. लाजरच्या कबरेपाशी तो रडतो. मरणाला देवाची इच्छा म्हणून मोकळं व्हायची याहून चांगली जागा नव्हती, आणि तिथे त्याने ते म्हटलेलं नाही.

देवाच्या इच्छेला शरण जाणं म्हणजे काय, हे सांगताना सगळे प्रवचनकार गेथशेमाने बागेत येतात, यायलाच हवं. पण बहुतेक जण प्रार्थनेच्या दुसऱ्या अर्ध्याकडे इतक्या घाईने जातात की पहिलं अर्धं रस्त्यात सांडतं. वल्हांडणाचं जेवण आटोपलंय. रात्र आहे. पेत्र, याकोब आणि योहान थोड्या अंतरावर बसवलेत आणि तिघंही पेंगताहेत. येशू जमिनीवर पालथा पडतो आणि पहिल्यांदा मागतो ती सुटका. समोरचा प्याला टळावा. आपल्या मनासारखं न होता बापाच्या मनासारखं व्हावं, हे त्याच्या पाठोपाठ येतं. मत्तय सांगतो की तो तीनदा गेला आणि तीनदा हेच बोलला. लूकाने रक्ताच्या थेंबांसारखा गळणारा घाम लिहून ठेवलाय. ज्याला काहीच नको होतं त्याला घाम कशाला फुटेल? मला मरायचं नाही, हे तो आधी उघड बोलला. ते बोलल्यामुळे त्याच्या हातात द्यायला काहीतरी होतं.

या पहिल्या वाक्यावरून सातव्या शतकात चर्चमध्ये केवढं रण माजलं होतं, हे आमच्या शब्बाथ शाळेत कुणी शिकवलं नाही. ख्रिस्ताला इच्छा एकच होती, दैवी, असं कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाला आणि कुलगुरूला राज्याच्या एकीसाठी सोयीचं वाटत होतं. मॅक्सिमस नावाचा म्हातारा मठवासी आडवा आला. त्याचं म्हणणं असं की ख्रिस्ताला माणसाची म्हणून वेगळी इच्छा नसेल, तर बागेतली ती पहिली मागणी कुणी केली? आणि माणसाची इच्छा त्याने धारण केलीच नसेल, तर माणसाच्या इच्छेचं तारण कसं व्हायचं? ऐंशी उलटलेल्या या माणसाची जीभ छाटली, उजवा हात तोडला, आणि त्याला काळ्या समुद्रापलीकडे हद्दपार केलं. 662 साली तो तिकडेच वारला. 680-81च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने निर्णय दिला तो त्याच्या बाजूने: ख्रिस्ताला इच्छा दोन, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेच्या मागे चालली, विरघळून गेली नाही. मला हा सगळा वाद फार मोलाचा वाटतो. शास्त्रार्थाची बारीक सूत्रं बाजूला ठेवली तरी एवढं उरतं की काहीतरी हवंसं वाटणं हा दोष नव्हे, असं चर्चने भर सभेत ठरवलं. ते ठरवूनही आम्ही तेराशे वर्षं मुलींना नेमकं उलटं शिकवत आलो.

माझ्या आजीला मॅक्सिमस माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला सही करता येत होती आणि गीतं तोंडपाठ होती, एवढंच शिक्षण. धाकट्या काकाने मुंबईला जायचं ठरवलं तेव्हा घरात प्रार्थना झाली. पाळकसाहेब आले होते. त्यांनी छान प्रार्थना केली, मुलाच्या भविष्याची, प्रभूच्या योजनेची. मग आजीची पाळी. ती पदर डोक्यावर घेऊन, भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “प्रभू, मला हे पटलेलं न्हाई. तुला ठावंच हाये. माझं गुडघं गेल्यात, रानात बघायला कुनी न्हाई, आन् हा चालला. मला तो हितंच पायजे. हे आधी सांगून ठिवते. मंग तुला काय करायचं ते कर, मी आडवी न्हाई पडायची.” आमेन म्हणायला क्षणभर कुणाला सुचलं नाही. पाळकसाहेब नंतर चहा घेताना म्हणाले, “आजी, ह्यात प्रभूची इच्छा स्पष्ट दिसते.” आजी म्हणाली, “तुम्हास्नी दिसत आसंल. मला दिसंल तवा मी म्हनंन.” काका गेला. ती आडवी पडली नाही. पण रविवारी कुणी तिला साक्ष द्यायला सांगितली असती तर प्रभूने दार उघडलं असं तिने म्हटलं नसतं, याची मला खात्री आहे. किती वर्षांनी तिचा सूर बदलला, की बदललाच नाही, ते मला सांगता येणार नाही.

वागणं देवाच्या मर्जीप्रमाणे आणि मन आपल्याच मर्जीत, अशी माणसं बायबलमध्ये आहेतच. योना त्यांचा मुकुटमणी. निनवेला जा म्हटल्यावर तो याफो बंदरात जाऊन तार्शीशच्या गलबतावर चढतो, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. वादळ, मासा, तीन दिवस, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शब्बाथ शाळेतली चित्रं माशापाशी संपतात. खरी मजा पुढे आहे. योना अखेर निनवेला जातो, सांगितलेला संदेश देतो, शहर पश्चात्ताप करतं, देव त्यांना सोडतो. आज्ञा तंतोतंत पाळली गेली. आणि योना संतापतो! शत्रूचं शहर वाचावं हे त्याला मुळातच नको होतं. तो शहराबाहेर मांडव घालून बसतो, सावलीच्या वेलावर खूश होतो, वेल किड्याने खाल्ल्यावर मरण मागतो. तिथे देव त्याला विचारतो की एका वेलाची तुला एवढी कळकळ, तर डावं-उजवं न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी गुरंढोरं असलेल्या शहराची मला नसावी का? पुस्तक इथे संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही. आज्ञाधारक माणसाशी देव एवढा वेळ वाद घालत बसतो, कारण त्याला नुसतं निनवेपर्यंत चालत गेलेलं पाऊल पुरत नाही. आणि वाद घालतो, दटावून गप्प करत नाही, हेही पाहण्यासारखं.

मग देवाची इच्छा ओळखायची कशी? आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन काढतात. ताटातली चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जे वचन येईल ते तुमचं. घरी अडचण आली की काही जण डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतात आणि बोट पडेल तो आदेश समजतात. कोकणात देवीला कौल लावतात त्याच्याशी याचं नातं सख्खं आहे, ख्रिस्ती मंडळींना हे ऐकायला आवडणार नाही तरी. इग्नेशियस लोयोलाने तर एकदा असाच एक निर्णय खेचरावर सोपवला होता. वाटेत भेटलेला एक मूर मरियेबद्दल काही बोलून पुढे निघून गेला. त्याला गाठून सुरा खुपसावा की सोडून द्यावं, हे इग्नेशियसला ठरेना. फाट्यापाशी त्याने लगाम सैल सोडला. खेचर मूर गेला त्या गावाकडे न वळता हमरस्त्याने गेलं. मूर वाचला, आणि जेझुइट संघही, कारण त्याचा संस्थापक त्या दिवशी खुनी झाला नाही. आपला हा गाढवपणा त्यानेच उतारवयात सांगून लिहवून घेतला.

याच इग्नेशियसने पुढे जी रीत बसवली तिला मात्र मी मानते. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. हाड वेडंवाकडं जुळलं, वर आलेला उंचवटा तंग बुटात दिसेल म्हणून गड्याने तो करवतीने कापून घेतला. एवढा नटवा सरदार. अंथरुणावर वेळ जाईना म्हणून शौर्यकथा मागितल्या. त्या वाड्यात नव्हत्या, ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा होत्या. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्नं पाहायचा. एकात कुणा थोर घराण्यातल्या स्त्रीसाठी पराक्रम, दुसऱ्यात संतांसारखं अनवाणी जेरुसलेमला जाणं. स्वप्न चालू असताना दोन्ही तितकीच गोड. फरक नंतर पडायचा: पहिल्यानंतर मन कोरडं व्हायचं, दुसऱ्यानंतर प्रसन्नपणा टिकून राहायचा. हे त्याच्या ध्यानात आलं आणि पुढची सगळी साधना त्यावर उभी राहिली. 1548 साली छापलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकातला प्रत्येक ध्यानाच्या आरंभीचा नियम पाहा: मला काय हवं आहे ते देवाकडे मागायचं. सुरुवात तिथून. इच्छा मारून टाका असं तो सांगत नाही. तिच्याकडे नीट बघा, तिची चव नंतर कशी उरते ते बघा, असं सांगतो. एक युक्तीही देतो. कधी न भेटलेल्या माणसाने हाच प्रश्न तुम्हाला विचारला तर काय सल्ला द्याल, ते स्वतःला सांगा. यात वेळ जातो. पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची आहे. चिठ्ठी उचलायला क्षण लागतो, म्हणून ताटाभोवती गर्दी जास्त.

आता लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं, ही 1893ची गोष्ट. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना देवाची हाक आली होती, त्यात शंका घ्यायला जागा नाही. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या हाकेला दिलं, 1917 साली मिशनचं वेतनही सोडलं. पण त्यांना आलेली हाक लक्ष्मीबाईंना आलेली नव्हती. त्या काही वर्षं नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातेवाइकांकडे राहिल्या, रडल्या, चिडल्या, कविता केल्या. पुढे नगरला नवऱ्याकडे आल्या त्या सोवळं सांभाळत, चूल वेगळी ठेवून. टिळकांनी बळजबरी केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्याने सोडवला, माणसानेच केली हे पटल्यावर कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला.

आमच्याकडे लग्नाआधी जोडप्यांना उपदेश करताना लक्ष्मीबाईंचा दाखला हमखास निघतो. पतीला देवाने बोलावलं, पत्नी त्याच्या मागोमाग गेली, असा तो असतो. गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीला तो ऐकायला मिळाला, मी शेजारी बसले होते. उपदेशकाला मी नंतर विचारलं, “लक्ष्मीबाईंचं स्मृतिचित्रे वाचलंत का हो?” म्हणाले, “शाळेत धडा होता.” भाचीला मी पूर्ण पुस्तक आणून दिलं. तिचा होणारा नवरा ते आधी वाचून काढतोय आणि मध्येच मोठ्याने हसतो, असा तिचा फोन आला. सोवळ्याच्या भानगडीपर्यंत पोचलाय म्हणे.